सालीचं कापड

कुवेतात जलीबच्या खोलीत आमची सकाळ व्हायची ती दाऊदचाचांच्या हातांनी. फजरची बांग व्हायच्या आधी ते परात घेऊन बसायचे, तांदळाची उकड मळायचे आणि भाकरी थापायला लागले की त्या आवाजाने आम्ही एकेक करून उठायचो. चाचा नात्याने कुणाचेच चाचा नव्हते. कोकणातल्या आमच्याच मोहल्ल्यातले, बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आणि स्वयंपाक असा की आमच्या आयांनी शिकून घ्यावा. खोलीत खाटा एकीवर एक होत्या. भिंतीला खिळे ठोकलेले आणि एकेका खिळ्याला एकेका माणसाचा सगळा संसार टांगलेला. खिडकीत वाळवंटी कूलर होता, तो घरघरायचा आणि ओल्या गवताचा वास सोडायचा. तो वास मला आवडायचा. आता म्हातारपणी कुवेतातच मुलाकडे एगैलाला आलोय, इथे भिंतीतून गार हवा येते आणि तिला कसलाच वास नाही. सून म्हणते, अब्बा, वास नसणं चांगलं असतं. असेल.

माझा मोठा भाऊ उस्मान, त्याला मी उस्मानभाय म्हणायचो. बाप मी रांगत असताना गेला, तेव्हा मला उस्मानभायनेच वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. शाळा मी चौथीतच सोडली. मास्तरांनी कान धरला, मी परत गेलो नाही. आई रडली, पण उस्मानभाय म्हणाला, नाय जायचं तर नाय, त्याला पाण्यावर घेतो. आधी खाडीत होडीवर घेतलं आणि मिसरूड फुटल्यावर कुवेतला बोलावून घेतलं. तो एका कंपनीच्या टगबोटीवर खलाशी होता. मोठमोठे बार्ज दोराने ओढून न्यायचं काम. मला त्याच कंपनीच्या आवारात दोर, साखळ्या, रंगकाम असल्या कामाला लावलं. खोलीत त्याची खाट खाली आणि माझी वर. झोपेत माझा हात खाली लोंबायचा, तो उचलून वर ठेवायचा. रोज. चिडायचा पण ठेवायचा. "कासम्या, तुझा हात काय वल्हं आहे काय रे, लोंबकळत ठेवतोस?" एवढं म्हणायचा.

उस्मानभाय गेला तो वाऱ्याचा दिवस होता. अहमदीच्या धक्क्यापासून बाहेर बार्ज न्यायचा होता. धुळीने आभाळ पिवळं झालेलं. बार्जला बांधलेला दोर ताणून ताणून तुटला आणि तुटलेलं टोक फिरून आलं ते त्याच्या छातीवर. तो पाण्यात गेला. बार्जवर जे होते त्यांनी पाहिलं, मी नव्हतो. मी आवारात साखळीला रंग देत होतो. संध्याकाळी पिकअप आली, तिच्यातून सगळे उतरले आणि कुणी माझ्याकडे बघेना. मी रंगाचा ब्रश रॉकेलमध्ये धुतला, नीट वाळत ठेवला आणि मग विचारलं, "उस्मानभाय कुठाय?"

त्यांनी शोधलं. बोटी फिरवल्या, पाणबुडे उतरवले. काही मिळालं नाही. कंपनीने कागद केले, पोलिसांनी कागद केले, आणि सगळ्या कागदांवर तो मेला. मला मात्र काही झालं नाही. हे कसं सांगावं मला कळत नाही, कारण लोक असं लिहितात की काळीज फाटलं, जग फिरलं. माझं काही फाटलं नाही. उठायचो, कामावर जायचो, यायचो. त्याच्या खाटेवर कुणाला झोपू द्यायचो नाही, बस. जेवण समोर आलं की जेवायचो. एकदा चाचांनी मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही. बाकी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली आणि मी सगळं संपवलं. "कासम्या, मीठ नव्हतं रे त्यात," ते म्हणाले. मी म्हटलं, "असेल." आणि ताट धुवायला गेलो.

चाचांचं म्हणणं सरळ होतं. मय्यत मिळत नसेल तर गायबाना नमाज पढता येते, समोर शरीर नसताना. आपल्या शाफई पंथाच्या लोकांत ती चालते, जमातीने पढायची आणि विषय अल्लाच्या हवाली करायचा. त्यांनी दोनदा माणसं जमवली. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. "मय्यत कुठाय? मय्यत दाखवा, मग पढा." खोलीतला एकजण म्हणाला, अरे, इतका अडून बसू नको. मी म्हटलं, माझा भाऊ आहे, तुझा नाही. सख्खा भाऊ मी, माझ्या होकाराशिवाय कुणी हात बांधून उभा राहीना. हट्टी मी तेव्हाही होतो आणि आजही आहे, त्याची मला लाज नाही.

पण ही गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती. गावाला आई होती आणि भाबी होत्या. उस्मानभायची बायको, जैनबभाबी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. त्या काळात आम्ही घरी कॅसेटी पाठवायचो. टेप चालू करून बोलायचं, आणि गावाला जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची. तिकडून उलटी कॅसेट यायची. बातमी तर पोचलीच होती. आखातातली बातमी विमानाच्या आधी पोचते. आईची कॅसेट आली ती आम्ही सगळ्यांनी बसून ऐकली. आधी कोंबड्यांचा आवाज, मग कुणीतरी "बोला, बोला, लाल बटण दाबलंय" म्हणालं, आणि मग आई. "कासम, लोक काय काय बोलतात. मशिदीतले खतीब येऊन गेले, म्हणतात सुनेला इद्दतीला बसव. मी कुणाचं ऐकत नाय. तू तिथं आहेस. तू तुझ्या तोंडाने सांग. तू सांगशील ते खरं." मागे कुणीतरी खोकलं. चाचा म्हणाले, ती जैनब. मग बराच वेळ नुसती पट्टी फिरत होती, आणि त्या फिरण्यात भाबींच्या बांगड्यांचा आवाज आला. काचेच्या बांगड्या. त्यांनी अजून उतरवल्या नव्हत्या.

ती कॅसेट मी परत परत ऐकली. उत्तर भरायला बसायचो आणि भलतंच बोलायचो. इथे हवा बरी आहे, चाचांनी सांदणं केली होती, पापलेट स्वस्त झालंय. दोन्ही बाजू भरायच्या आणि त्यात उस्मानभाय नसायचा. जिवंत आहे असंही नाही, मेला असंही नाही. नवरा गेला की बाईने बांगड्या उतरवून चार महिने दहा दिवस इद्दतीला बसायचं, मग ती मोकळी. तिकडे एक बाई ना सधवा ना विधवा अशी अडकली होती, आणि तिला सोडवायचं ते माझ्या एका वाक्याने, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून येत नव्हतं. ज्याला कबरीत ठेवला नाही, ज्याच्यावर मूठभर माती टाकली नाही, तो मेला असं मी कुठल्या तोंडाने सांगू? आई पुढे विचारणारच, की कुठं ठेवलास?

आता टावीटाबद्दल सांगतो. टावीटा सामोआचा. हे सामोआ कुठं आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही नकाशावर बोट ठेवता येणार नाही. तो म्हणायचा, समुद्र जिथं सगळ्यात मोठा आहे ना, त्याच्या मधोमध. जहाजावर नोकरीला लागला होता, ते जहाज इथे भंगारात गेलं आणि हा बार्जवर क्रेनच्या तारा बांधायच्या कामाला राहिला. माझ्याहून बराच मोठा. अंगाने दोन माणसांचा एक. कमरेपासून गुडघ्यापर्यंत असं गोंदलेलं की चड्डी घातल्यासारखं वाटायचं. मोडकं हिंदी आणि मोडकं इंग्रजी मिळून आमचं बोलणं व्हायचं. उस्मानभायचा तो दोस्त, म्हणून जुम्म्याला आमच्या खोलीवर जेवायला यायचा, आणि चाचांना त्याचं भारी कौतुक कारण तो एकटा चौघांचा भात संपवायचा. फक्त एकदा चाचांनी म्हाकूल केलं होतं, तेव्हा त्याने ताट हळूच बाजूला सरकवलं. "म्हाकूल खात नाय?" चाचा दुखावले. "मग तुमच्या समुद्रात काय खाता, गवत?" टावीटा हसला नाही. म्हणाला, त्यांच्याकडे घराण्याघराण्याचा एक राखणदार असतो, आणि तो कुठल्यातरी जनावरात येतो. कुणाचा घुबडात, कुणाचा वाम माशात. त्याच्या घराण्याचा आठ पायांच्या म्हाकुलात येतो. आपल्या राखणदाराला कोण खाईल? चाचांनी "तौबा" म्हणून कानाला हात लावला, पण पुन्हा त्याच्यासमोर म्हाकूल कधी केलं नाही.

तो ख्रिस्ती होता, चर्चला जायचा. पण त्याच्या आजीने सांगितलेलं त्याने टाकलं नव्हतं. म्हणायचा, बायबल आमच्याकडे नंतर आलं, आजीने दोन्ही एकाच पेटीत ठेवलं. त्याच्या गावात संध्याकाळी शंख वाजतो. तो वाजला की रस्त्याने कुणी चालायचं नाही, घरात बसून दुवा करायची. मेलेली माणसं पश्चिमेला जातात. बेटाच्या पश्चिम टोकाला खडक आहे, तिथून उडी मारून समुद्राखालच्या मुलखात उतरतात. त्या मुलखाला ते पुलोटू म्हणतात. राजाची वाट वेगळी, साध्या माणसाची वेगळी. उस्मानभाय असताना या गोष्टी ऐकायला मजा यायची. तो विचारायचा, "तिथं खलाशाला कामाला लावतात काय?" टावीटा म्हणायचा, "खलाशाला पहिलं बोलावतात. त्याला पोहता येतं म्हणून."

उस्मानभाय गेल्यावर मी रोज काम सुटलं की पिकअपमध्ये न बसता किनाऱ्यावर जायचो. फिंतासच्या बाजूला तेव्हा नुसती वाळू होती, आता मॉल झालेत. पाण्याकडे तोंड करून बसायचो. काही वाटायचं नाही, नुसता बसायचो, आणि अंधार पडायच्या आत मिळेल त्या गाडीने जलीबला यायचो. टावीटाने हे बरेच दिवस पाहिलं असावं. एकदा येऊन बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "तू चुकीचं बसतोस."

मी म्हटलं, "बसण्यात काय चूक?"

"तू नुसता बसतोस. खाली काही अंथरलं नाहीस. तो येईल तरी कशावर?"

मग त्याने सांगितलं ते असं. दर्यात किंवा लढाईत गेलेल्या माणसाचं शरीर मिळालं नाही तर त्यांच्या जुन्या लोकांत एक रीत होती. किनाऱ्यावर कापड अंथरायचं, समोर घरच्यांनी बसायचं आणि त्याला बोलवायचं. कापडावर जे जिवंत येईल, टोळ, फुलपाखरू, खेकडा, काय असेल ते, तोच तो. त्याला त्याच कापडात गुंडाळायचं आणि माणसाला पुरतात तसं पुरायचं. पुरला की तो वाटेला लागतो. नाही पुरला तर घरच्यांच्या अवतीभवती फिरत राहतो, म्हणत राहतो, गारठलो, गारठलो. मी विचारलं, "आणि काहीच आलं नाही तर?" तो म्हणाला, "मग जो बसलाय त्याच्यावर तो नाराज आहे. त्याने उठायचं. दुसऱ्याने बसायचं."

मला त्यातलं गारठलो तेवढं लागलं. उस्मानभायला थंडी सोसायची नाही. कूलरची हवा अंगावर नको म्हणून त्याने खालची खाट घेतली होती. मी त्या रात्री कूलर बंद केला आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर मी खोलीत न जेवता निघालो. टावीटा किनाऱ्यावर आधीच होता. बगलेत गुंडाळी. ते कापड मी तोवर पाहिलं नव्हतं. सुताचं नव्हतं ते. झाडाची साल ठोकून ठोकून पातळ केलेली, तपकिरी, त्यावर काळ्या रेघांची नक्षी. हाताला कागदासारखं लागायचं पण कागद नव्हे. त्याच्या आजीने केलेलं. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, त्याने ते अंथरलं, चारी कोपऱ्यांवर शिंपले ठेवले आणि मला समोर बसवलं.

"बोलव."

"काय म्हणून?"

"तुझ्या भाषेत बोलव. तो माझी भाषा कुठं शिकलाय?"

मी म्हटलं, "उस्मानभाय, ये." एवढंच आलं. ऊन उतरत होतं, हवा बरी होती त्या दिवसांत. दोन माश्या आल्या, कापडावरून फिरून गेल्या, बसल्या नाहीत. खेकड्यांनी पाण्याजवळ वाळूचे ढीग घातले होते, एक खेकडा कापडाच्या काठापर्यंत आला आणि तिरपा निघून गेला. मी बघत होतो. बराच वेळ गेल्यावर टावीटा म्हणाला, "ऊठ. मी बसतो."

"नाय उठत."

"तो तुझ्यासाठी येत नाही."

"माझ्यासाठी नाय येणार तर कुणासाठी येणार? मी भाऊ आहे."

टावीटा माझ्या शेजारी बसला आणि त्याच्या भाषेत हळू आवाजात काही म्हणायला लागला. गाण्यासारखं, पण गाणं नव्हे. त्याच्यासाठीही काही आलं नाही. खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

तेवढ्यात वाळूतून दाऊदचाचा येताना दिसले. हातात डबा. कुणाच्यातरी गाडीतून आले होते. मी न जेवता गेलो हे त्यांना सोसलं नव्हतं, आणि मी कुठे गेलो हे त्यांना खोलीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. जवळ येऊन त्यांनी कापड पाहिलं, शिंपले पाहिले, टावीटाचं पुटपुटणं ऐकलं.

"हे काय चाललंय?"

मी सांगितलं. लपवायचं कशाला? टावीटाने सांगितलेलं होतं तसं सगळं सांगितलं.

"तौबा, तौबा! आत्ता जुम्मा पढून आलास ना रे मेल्या? त्याच तोंडाने हे शिर्काचं पाप करतोस? भाऊ तुझा काय खेकडा होऊन येणार आहे? ऊठ!" मग टावीटाकडे वळले. "आणि तू रे गोंदलेल्या, माझ्या हातचं खातोस आणि माझ्या पोराला हे शिकवतोस?"

टावीटाला मराठी समजत नव्हतं, पण शिव्या कुठल्याही भाषेत समजतात. तो म्हणाला, "चाचा, बसा. दमलात."

"बसायला नाय आलो मी!" असं म्हणत म्हणत चाचा बसले. वाळूत चालून त्यांचे गुडघे भरून आले होते. कापडाच्या काठालाच बसले, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्यापुढे धरला. "आधी खा. मग तुला काय अंथरायचं ते अंथर. उपाशी पोटाने शैतान येतो." मी घेतला नाही. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. आणि ते उस्मानभायशी बोलावं तसं, माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाले, "बघ रे उस्मान, तुझा भाऊ. मी काय करू याचं? तूच सांग."

तेव्हा ती आली. मुंगी. साधी काळी मुंगी, आपल्याकडच्या डोंगळ्याएवढीही नाही. चाचांच्या पायाच्या बाजूने कापडावर चढली, नक्षीच्या काळ्या रेघेवरून चालत मधोमध आली आणि थांबली.

टावीटाचं पुटपुटणं बंद झालं. त्याने बोट दाखवलं नाही, नुसता श्वास सोडला.

भाकरीच्या वासाने आली असेल. मला कळत नाही असं नाही, चौथीतून बाहेर पडलो म्हणजे अक्कल तिथेच ठेवून आलो असं नाही. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मला राग आला. माझा भाऊ, जो एका हाताने भिजलेला दोर ओढायचा, ज्याच्या खांद्यावर बसून मी खाडी ओलांडली, तो मुंगी? एवढा वेळ बसून मला मुंगी दिली? आणि तीही माझ्यासाठी आली नाही. मी हात उचलला, झटकून टाकणार होतो. पुन्हा अंथरू, पुन्हा बसू, काहीतरी मोठं येऊ दे.

चाचांनी माझं मनगट पकडलं. भाकरी वाळूत पडली. इतकं घट्ट पकडलं की मला वाटलं म्हाताऱ्यात एवढं बळ कुठून आलं.

"राहू दे त्याला," ते म्हणाले.

त्याला. तिला नव्हे. ते माझ्या आधी त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली आणि डोळ्यांवर टोपी ओढली. आम्ही तिघे तसेच बसलो. मुंगी चालत होती.

मग टावीटाने शिंपले उचलले आणि कापड चारी बाजूंनी हळू दुमडलं, लहान मूल झोपलेलं असावं तसं. मला म्हणाला, "खण." मी हाताने खणलं. कोरडी वाळू ढासळायची, मग खाली ओलसर लागली, ती धरून राहिली. बरंच खोल खणलं. टावीटाने गुंडाळी माझ्या हातात दिली. तिला वजन नव्हतं. मी खाली ठेवली. चाचा किबल्याच्या, मक्केच्या बाजूला तोंड करून उभे होते, हात उचललेले, ओठ हलत होते. नंतर गाडीत मला बजावलं, "मी त्या कापडाला काय पढलो नाय, समजलास? मी उस्मानला फातिहा पढलो. ते वेगळं." मी म्हटलं, "होय." एवढं मात्र खरं की वाळू लोटताना पहिली मूठ त्यांनी टाकली.

ते कापड टावीटाने स्वतःसाठी ठेवलं होतं, परदेशात मेला तर अंगावर घालायला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर तो निघून गेला होता, कुठल्या जहाजावर ते ठाऊक नाही. मी आभारही मानले नव्हते. त्याने ते मनावर घेतलं असेल असं वाटत नाही. त्यांच्याकडे दोन माणसांच्या मधल्या जागेला नाव आहे, ते मी विसरलो, पण ती जागा झाडून ठेवायची असते असं तो म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हटलं, माणसं बोलवा. खोलीत गायबाना नमाज झाली. खाटा भिंतीला उभ्या करून जागा केली. मी पहिल्या ओळीत उभा होतो. रडलो नाही. काही वाटलंही नाही, हात बांधले, सोडले, सलाम फिरवला. पण नमाज झाल्यावर उस्मानभायची खाट खाली घातली तेव्हा मी एका नव्या आलेल्या माणसाला म्हटलं, "तू इथं झोप." आणि मग टेप काढला, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि लाल बटण दाबलं. बोललो ते असं: "आई, उस्मानभाय गेला. माझ्या तोंडाने सांगतो. त्याला ठेवला. भाबींना बसू दे." बाकी पट्टी कोरी ठेवली. पुढे भरायला काही नव्हतं.

परवा इथे एगैलाला सुनेने ओट्यावर मुंग्यांची पावडर टाकली. मी पुसून काढली. ती चिडली, इस्पितळातून थकून येते बिचारी, तिचं चुकत नाही. नात म्हणाली, "दे आर जस्ट अँट्स, दादा." मी म्हटलं, होय, मुंग्याच आहेत. आणि एक एक करून कागदावर घेऊन बाल्कनीत सोडल्या. संध्याकाळी मुलगा फिंतासच्या किनाऱ्यावर फिरायला नेतो. तिथे आता फरसबंदी आहे, खुर्च्या आहेत, पोरं सायकली चालवतात. जागा नेमकी कुठली ते सांगता येत नाही. एका खुर्चीवर बसतो, पाण्याकडे तोंड करून. मुलगा विचारतो, अब्बा, काय बघता? मी म्हणतो, काय नाय.

त्या नमाजेनंतर पहिल्यांदा रजेवर गावी गेलो तोवर भाबींची इद्दत पुरी होऊन गेली होती. पुढे त्यांचं खाडीपलीकडे दुसरं लग्न झालं, मुलंबाळं झाली, गेल्या वर्षापर्यंत ईदला माझ्यासाठी खाजा पाठवायच्या. पण तेव्हा त्या आमच्याच घरात होत्या. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, बॅगही खाली ठेवली नव्हती, आणि आईने विचारलं. मला ठाऊक होतं ती काय विचारणार.

"कुठं ठेवलास त्याला?"

"दर्याच्या वरच्या अंगाला. वाळूत."

"भरतीचं पाणी पोचतं तिथं?"

"नाय."

"नीट ठेवलास?"

"कापडात गुंडाळून. मी माझ्या हाताने ठेवला. दाऊदचाचा होते."

यात खोटं काय आहे ते मला कुणीही दाखवून द्यावं. आईने माझ्या हातांकडे पाहिलं, जणू वाळू अजून नखांत असेल. मग म्हणाली, "मग बरं." आणि आत बघून, "जैनब, कासमला वाढ."

भाबींनी पाट मांडला, ताट आणलं. मनगटं मोकळी होती, म्हणून त्या कधी आल्या आणि कधी गेल्या त्याचा आवाजच आला नाही. भात वाफाळत होता, वर बांगड्याचं कालवण. मी पहिला घास घेतला. कालवणात मीठ अंमळ जास्त पडलं होतं. ते मला कळलं.